ग्राहकाने वेटरला दिलेला पैसा वेटरपर्यंत पोहोचू द्या

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

२८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने हॉटेलच्या बिलातल्या सर्व्हिस चार्जचा निकाल लावला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला काढलेली मार्गदर्शक तत्त्वे कायम राहिली. हॉटेलचालकांच्या दोन राष्ट्रीय संघटनांच्या याचिका फेटाळल्या गेल्या आणि प्रत्येकीला १ लाख रुपये भरावे लागणार, असे ठरले. आता ग्राहकाला न विचारता बिलात सर्व्हिस चार्ज लावता येत नाही, दुसऱ्या नावाखाली घेता येत नाही आणि तो नाकारणाऱ्याला दारातून परत पाठवता येत नाही. तरीही लावलाच, तर ग्राहकाने १९१५ वर फोन करून तक्रार करावी.

ग्राहक म्हणून मला हा निकाल पूर्ण मान्य आहे. पण त्या वादात एका बाजूला मालकांच्या संघटना होत्या आणि दुसऱ्या बाजूला सरकार. हा पैसा नोकरांसाठी आहे, स्वयंपाकघरातल्या माणसांनाही त्यातून वाटा मिळतो, असे मालक सांगत राहिले. तो वाटा खरोखर मिळतो का, हे तपासण्याचे काम ग्राहक खात्याचे नाही. ते आपल्या खात्याचे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला लिहितो आहे.

मी अनेक वर्षे हॉटेलांचे हिशेब लिहिले आहेत. गल्ल्यावर रोख यायची तेव्हा टिप बडीशेपेच्या वाटीत सुट्या पैशांत पडायची. वेटर ती उचलायचा किंवा गल्ल्याजवळच्या पेटीत टाकायचा. रात्री क्लोजिंग झाले की पेटी उघडून वाटणी व्हायची. कॅप्टनला जास्त, हेल्परला कमी आणि मोरीवर भांडी घासणाऱ्याला बहुतेक ठिकाणी काहीच नाही. ती वाटणी न्याय्य होती असे मी म्हणणार नाही. पण पैसा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असायचा, त्यामुळे भांडायला जागा होती.

यूपीआयने ही जागा संपवली. समजा बिल ७६० रुपयांचे झाले आणि ग्राहकाने मोठ्या मनाने ८०० पाठवले. वरचे ४० रुपये मालकाच्या चालू खात्यात जातात. रात्री बिलांची बेरीज आणि खात्यातली जमा ताडून पाहताना ते ‘जादा’ म्हणून निघतात. पुढे त्यांचे काय होते, ते पूर्णपणे मालकाच्या स्वभावावर आहे. सज्जन मालक कोणत्या टेबलाचे किती हे चिठ्ठीवर लिहून ठेवतो आणि आठवड्याच्या शेवटी वेटरच्या हातात देतो. असे मालक आहेत आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. दुसरा ती रक्कम सेलमध्ये, म्हणजे विक्रीच्या जमेत, मिसळून मोकळा होतो. तिसरा कप-बश्या फुटल्या, एखादा ग्राहक बिल न देता निघून गेला, याची भरपाई त्यातूनच करतो. ‘बँक चार्ज’ म्हणून टिपेतून टक्का कापलेलाही मी पाहिला आहे. जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर दुकानदाराला मर्चंट शुल्क लागत नाही, तरी ही कपात. हे हिशेब माझ्या हातून गेले आहेत. पगाराची वही, हजेरीची वही, ओव्हरटाइमची नोंद, या सगळ्यांत टिपेचा रकाना मला कुठेही भेटला नाही. जे लिहिलेच जात नाही ते मागायचे कसे?

आणि मागणारा कोण, हेही पाहा. पूर्वी वेटर उडुपी-कुंदापूरकडचा असे, गावचा माणूस मालकाच्या ओळखीचा असे. आज ओडिशा, बिहार, बंगाल, आसाम, नेपाळ इथून आलेली पोरे टेबले सांभाळतात. हॉटेलच्याच खोलीत राहतात, हॉटेलातच जेवतात. नोकरी गेली की त्याच रात्री छप्पर जाते. असा मुलगा चाळीस रुपयांसाठी शेठजींसमोर उभा राहणार नाही.

साहेब, तत्त्व नव्याने शोधायची गरज नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयटीसी या हॉटेले चालवणाऱ्या कंपनीच्या आयकर प्रकरणात सांगितले आहे की ग्राहकाने क्रेडिट कार्डावरून दिलेली टिप हा मालकाने दिलेला पगार नव्हे. ग्राहकाकडून आलेली ती रक्कम मालक विश्वस्त या नात्याने नोकरांपर्यंत पोहोचवतो. प्रश्न टिपेवर मालकाने कर कापायचा का, एवढाच होता, पण त्यातून निघालेली गोष्ट साधी आहे. तो पैसा मालकाचा नाही. कार्डाला जे लागू, ते यूपीआयला का नसावे? एवढे असूनही भांडी घासणारा मुलगा उद्या आपल्या विभागाच्या कार्यालयात गेला, तर त्याची तक्रार कोणत्या कलमाखाली घ्यायची हे तिथे कुणालाही सांगता येणार नाही. ते कलम आपण लिहावे.

ब्रिटनने ते लिहिले आहे. तिथला टिपवाटपाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. टिप आणि सर्व्हिस चार्ज, दोन्ही कापाकापी न करता कामगारांना द्यायचे, पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत द्यायचे, वाटणीचा नियम लेखी ठेवायचा आणि नोंदी तीन वर्षे जपायच्या. कामगाराला त्या नोंदी मागता येतात. यातले कोणते आपल्याकडे जमण्यासारखे नाही? सगळे जमण्यासारखे आहे. दुकाने व आस्थापना कायदा राज्याचाच आहे, त्यात दुरुस्ती करायला दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही.

फक्त त्या कायद्यात एक मोठी फट आहे. २०१७ चा हा कायदा मुळात दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी लिहिला गेला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. गल्लोगल्लीची उपाहारगृहे, हायवेवरचे ढाबे, लहान परमिट रूम यांत आठ-दहा माणसेच असतात. टिपेचा नियम कामगारांच्या संख्येवर ठेवला, तर ज्यांना त्याची सर्वाधिक गरज तेच बाहेर राहतील. तो सर्व हॉटेलांना लागू करावा.

दुसरे, टिप किमान वेतनात धरता येणार नाही, हे त्याच दुरुस्तीत स्पष्ट शब्दांत लिहावे. ‘पगार कमी आहे, पण टिप चांगली मिळते’ हे वाक्य कामावर ठेवताना सर्रास ऐकवले जाते. अमेरिकेत टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचे किमान रोख वेतन केंद्रीय कायद्यात १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवर थांबले आहे, बाकीचे टिपेतून भरून निघेल असे गृहीत धरून. कित्येक राज्यांनी त्याहून जास्त ठरवले, पण जिथे ठरवले नाही तिथे वेटरचे घरभाडे ग्राहकाच्या मर्जीवर चालते. आपण त्या वाटेला जाऊ नये. पगार मालकाने द्यायचा, पूर्ण द्यायचा.

मालकांची बाजू मला ठाऊक आहे, त्यांच्याच वह्या मी लिहिल्या आहेत. भाडे वाढते, घरपोच डिलिव्हरीचे ॲप कमिशन घेते, ५ टक्के जीएसटीवर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. मग मेनूकार्डावरचे दर वाढवावेत. त्याला कुणाचीही आडकाठी नाही. ग्राहक दर वाचून आत येतो आणि परवडत नसेल तर उठून जातो. नोकराच्या नावाने आलेला पैसा मात्र या खर्चाला लावता येणार नाही.

स्वयंपाकघराचा वाटा हा सगळ्यांत अवघड भाग आहे, हेही मान्य करतो. टेबलाशी हसून बोलणारा ग्राहकाला दिसतो; तंदूरसमोर उभा असणारा दिसत नाही. वाटणी किती कुणाला, हे सरकारने ठरवू नये. पण ती कामगारांशी बोलून ठरावी, तिच्यात मोरीवरचा माणूस असावा आणि ती मराठी-हिंदीत लिहून भटारखान्याच्या भिंतीवर लागावी. टिपेसाठी वेगळा क्यूआर कोड ठेवायला मालकांना सांगावे, म्हणजे ती रक्कम सेलमध्ये मिसळायचा प्रश्नच उरणार नाही. ग्राहकालाही आपण बिल कुठे भरले आणि टिप कुठे दिली, हे कळेल. आज कित्येक जण टिप देत नाहीत ते कंजूषपणाने नव्हे. ती कुणाला मिळणार याची खात्री नसते, म्हणून ते बिलाची रक्कम रुपयापर्यंत अचूक टाकतात आणि उठतात.

येत्या अधिवेशनात ही दुरुस्ती मांडावी, ही विनंती. तोवर आपल्या अधिकाऱ्यांना हॉटेलांच्या तपासणीत एवढे तरी विचारायला सांगावे: यूपीआयवर बिलापेक्षा जास्त आलेली रक्कम कुठे लिहिता, आणि कुणाला देता?

आपला,
हॉटेलांचे हिशेब लिहिलेला एक नागरिक, पुणे