सूचना : पहिलीच्या वर्गातील ‘आकृतिबंध’ उपक्रम

पालक-शिक्षक संघाच्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, इयत्ता पहिलीच्या गणितातील ‘आकृतिबंध’ (ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा येणारी रचना) हा घटक येत्या सोमवारपासून सुरू होत असून, शनिवारी सकाळी ८.३० ते १० या वेळेत वर्गातच पालकांसमोर मुले प्रत्यक्ष रचना करतील.

शुक्रवारपर्यंत मुलांसोबत पुढील साहित्य द्यावे :

- मूठभर चिंचोके आणि तितकीच बटणे
- काठाची नक्षी स्पष्ट दिसेल असा जुन्या साडीचा तुकडा

काचेची किंवा टोकदार वस्तू पाठवू नये.

घरी सराव घेताना चिंचोका, चिंचोका, बटण अशी रांग मांडून ‘पुढे काय येईल?’ एवढ्यावरच थांबू नये, ‘कशावरून ओळखलेस?’ हेही आवर्जून विचारावे, कारण पुन्हा पुन्हा येणारा गट मुलाने स्वतः शोधणे हेच या घटकाचे मर्म आहे आणि पुढे दोन-दोनच्या टप्प्याने मोजणे, पाढे यांना त्याचाच आधार मिळतो. मूल चुकल्यास उत्तर सांगू नये, ही कळकळीची विनंती. रांग सुरुवातीपासून मोठ्याने म्हणायला लावावी. पुष्कळदा चूक त्याची त्यालाच ऐकू येते.

पालकांना शनिवारी येणे शक्य नसल्यास आजी-आजोबा आले तरी चालेल. येणाऱ्यांची नावे गुरुवारपर्यंत वर्गशिक्षिकांकडे नोंदवावीत.

सचिव,
पालक-शिक्षक संघ