इटलीच्या गटप्रवासाची आखणी स्थानकापासून व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पर्यटन पुरवणीत गेल्या काही महिन्यांत युरोपच्या गटसहलींविषयी बरेच लेखन प्रसिद्ध झाले. त्यातील इटलीचा भाग वाचताना एक गोष्ट सतत खटकत राहिली. मिलान, व्हेनिस, पिसा, फ्लॉरेन्स, रोम ही पाच नावे आणि त्यांना जोडणारी वातानुकूलित बस, याखेरीज गटाने इटली पाहण्याचा दुसरा मार्गच नाही, असा समज व्हावा अशी त्या लेखांची मांडणी होती. मी निवृत्त शिक्षिका आहे. आमच्या मैत्रिणी आणि त्यांचे कुटुंबीय यांच्या इटलीच्या रेल्वेप्रवासाची आखणी करण्याचे काम माझ्याकडे आले होते. त्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे की, दहा ते वीस जणांच्या गटाला तेथील लहानमोठी शहरे निवांतपणे पाहायची असतील, तर रेल्वेच अधिक सोयीची आहे. मात्र त्यासाठी आखणीची सुरुवात प्रेक्षणीय स्थळांच्या यादीपासून न करता, मुक्काम कोणत्या स्थानकाजवळ करायचा या प्रश्नापासून करावी लागते.

बसची अडचण आधी सांगते. इटलीतील बहुतेक जुन्या शहरांचा गाभा वाहनांसाठी मर्यादित प्रवेशाचा आहे. पर्यटकांच्या मोठ्या बसला त्या भागाबाहेर थांबावे लागते आणि अनेक शहरांत प्रवेशासाठी वेगळे शुल्कही भरावे लागते. शिवाय युरोपीय नियमांनुसार चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते आणि दिवसभरात साधारणपणे ९ तासांपेक्षा अधिक गाडी चालवता येत नाही. हा नियम अत्यंत योग्य आहे, परंतु त्यामुळे सहलीचे वेळापत्रक बसच्या सोयीने ठरते. याउलट फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला स्थानकातून बाहेर पडल्यावर मुख्य कॅथेड्रल दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे आणि व्हेनिसच्या सांता लुचिया स्थानकाच्या पायऱ्या तर थेट ग्रँड कॅनॉलसमोरच उतरतात.

रेल्वेच्या बाजूचे सर्वांत मोठे कारण भूगोलात आणि इतिहासात आहे. इसवी सनापूर्वी १८७ मध्ये रोमन कॉन्सल (म्हणजे तेथील सर्वोच्च शासकीय अधिकारी) मार्कस एमिलियस लेपिडस याने पिआचेन्झा ते रिमिनी असा जवळजवळ सरळ रस्ता बांधला, त्याला व्हिया एमिलिया म्हणतात. पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना, बोलोन्या, फाएन्झा, फोर्ली, चेझेना ही सगळी शहरे या एकाच रस्त्यावर आहेत आणि आजचा लोहमार्गही त्याच्याच सोबतीने जातो. बोलोन्याला मुक्काम ठेवला तर प्रादेशिक गाडीने मोदेना साधारण अर्ध्या तासावर आणि पार्मा तासाभरावर येते. या रेषेवरून थोडे बाजूला गेले की फेरारा अर्ध्या तासात आणि रावेन्ना सुमारे सव्वा तासात गाठता येते. रावेन्नामध्ये पाचव्या-सहाव्या शतकांतील मोझेइक चित्रांनी, म्हणजे रंगीत काचा-दगडांचे बारीक तुकडे जडवून केलेल्या चित्रांनी, सजलेल्या वास्तू आहेत, महाकवी दान्तेची समाधी आहे, आणि तरीही बसने जाणारे आपल्याकडचे गट तेथे क्वचितच थांबतात. याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण सान व्हिताले चर्चमधील सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा यांची मोझेइक चित्रे पाहिल्यावर आमच्या गटातील इतिहासाच्या शिक्षिकेला जे समाधान लाभले, ते पिसाच्या मनोऱ्याला हात लावल्यासारखे छायाचित्र काढून लाभले नसते.

म्हणून माझी सूचना अशी की, मुक्कामाची शहरे तीन किंवा चारच ठेवावीत आणि बाकीची गावे त्या मुक्कामांवरून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशी निवडावीत. विमानाने मिलानला उतरावे आणि परतीचे विमान रोमहून घ्यावे, म्हणजे उलट प्रवास वाचतो. मिलानहून वेगवान गाडीने सुमारे दोन तासांत पादोवा येते. तेथे राहून व्हेनिस, व्हिचेन्झा आणि व्हेरोना पाहता येतात. पादोवाहून बोलोन्या तासाभराचा, बोलोन्याहून फ्लॉरेन्स जेमतेम ४० मिनिटांचा आणि फ्लॉरेन्सहून रोम दीड तासाचा प्रवास आहे. फ्लॉरेन्सहून लुक्का आणि पिसा, तर रोमहून ओर्व्हिएतो एका दिवसात होते. अशा आखणीत सर्व सामानासह गाडीत चढण्याचे प्रसंग अगदी मोजके येतात. साठीच्या पुढील माणसांच्या गटात प्रवासाचा निम्मा शीण सामानानेच येतो.

पादोवाचा मुक्काम मी मुद्दाम सुचवला आहे. व्हेनिसमध्ये राहणे सुंदर असले तरी स्थानकापासून हॉटेलपर्यंत पुलांच्या पायऱ्या चढत-उतरत बॅगा न्याव्या लागतात. पादोवा तेथून रेल्वेने जवळपास अर्ध्या तासावर आहे आणि स्वतः पाहण्याजोगे आहे. १२२२ मध्ये स्थापन झालेल्या तेथील विद्यापीठात गॅलिलिओने १५९२ ते १६१० या काळात अध्यापन केले. मात्र एक तरतूद लक्षात ठेवावी. २०२४ पासून वर्षातील ठरावीक दिवशी, केवळ दिवसापुरते व्हेनिसला येणाऱ्यांना प्रवेशशुल्क भरावे लागते आणि शहरात रात्रीचा मुक्काम करणाऱ्यांना त्यातून सूट असते. ते दिवस आधीच जाहीर होतात; ते पाहून व्हेनिसचा वार ठरवावा.

गट किती मोठा असावा याचे उत्तरही मला पादोवा आणि व्हेनिस या दोन शहरांतच मिळाले. पादोवाच्या स्क्रोव्हेन्यी चॅपलमध्ये चित्रकार जोत्तोने १३०५ च्या सुमारास पूर्ण केलेली भित्तिचित्रे आहेत. ती जपण्यासाठी आगाऊ आरक्षण सक्तीचे असून एका वेळी सुमारे २५ जणांनाच आत सोडतात, तेही हवेचे तापमान आणि आर्द्रता स्थिर होईपर्यंत बाहेरच्या काचेच्या दालनात पंधरा मिनिटे बसवल्यानंतर. व्हेनिसनेही २०२४ च्या उन्हाळ्यापासून मार्गदर्शकासह फिरणाऱ्या गटांवर २५ जणांची मर्यादा घातली आणि ध्वनिवर्धकाचा वापर बंद केला. यावरून गट २५ च्या आत असावा हे उघडच आहे, पण माझ्या मते तो सोळाच्या आसपासच असावा, कारण गाडी फलाटावर दोन-तीन मिनिटेच थांबते आणि तेवढ्यात सर्वांना चढायचे असते. आम्ही चार-चार जणांच्या तुकड्या केल्या होत्या. प्रत्येक तुकडीचा डबा, दार आणि प्रमुख ठरलेला होता. डोंबिवलीहून वर्षानुवर्षे लोकलने नोकरीला गेलेल्या आमच्या मैत्रिणींना यात काही अवघड वाटले नाही. उलट फलाटावर जिन्यापासून दूर कोठे उभे राहिले तर डब्यात जागा मिळते, हे त्यांना शिकवावे लागले नाही.

तिकिटांविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण बहुतेक गोंधळ तेथेच होतो. इटलीत गाड्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. सरकारी मालकीच्या त्रेनितालियाच्या फ्रेच्चारोसा आणि २०१२ पासून धावणाऱ्या खासगी इतालो या वेगवान गाड्यांना आसनाचे आरक्षण सक्तीचे आहे आणि तिकीट जितके लवकर काढाल तितके स्वस्त पडते. याउलट प्रादेशिक गाड्यांचे भाडे अंतरावर ठरलेले असते, आसन राखीव नसते आणि तिकीट त्याच दिवशी काढले तरी दर तोच राहतो. या गाड्यांचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो. मोबाइलवर घेतलेल्या तिकिटाचे चेक-इन करावे लागते. हे न केल्यास खरे तिकीट हातात असूनही दंड होतो. गटात ही जबाबदारी प्रत्येकाने एकमेकांवर सोपवली की ती कोणीच पार पाडत नाही, म्हणून ती तुकडीच्या प्रमुखाकडेच असावी.

या दोन प्रकारांचा व्हिसाशी असलेला संबंध आपल्या पुरवणीतील एकाही लेखात आला नव्हता. वेगवान गाड्यांची सर्वांत स्वस्त तिकिटे बहुधा परत करता येत नाहीत. गटातील एखाद्याचा व्हिसा लांबला किंवा नाकारला गेला, तर ते पैसे गेले असेच समजावे. आखणी तीन-चार मुक्कामांची असेल, तर वेगवान गाड्यांचे प्रवासही तेवढेच उरतात आणि त्यांची तिकिटे व्हिसा हाती आल्यावर काढता येतात. दिवसाच्या सहली प्रादेशिक गाड्यांनी होत असल्यामुळे त्यांची तिकिटे आधी काढण्याचा प्रश्नच येत नाही. पाऊस आला किंवा कोणाचे गुडघे दुखू लागले, तर त्या दिवसाचे गाव बदलले तरी नुकसान होत नाही. अर्जासोबत द्यावा लागणारा प्रवासाचा तपशीलही यामुळे सुटसुटीत होतो. हॉटेलांची आरक्षणे मात्र विनाशुल्क रद्द करता येतील अशीच घ्यावीत.

स्थानकांबाबत दोन-तीन गोष्टी घरूनच पाठ करून जाव्यात. फलकांवर शहरांची नावे इटालियनमध्ये असतात, म्हणून फिरेन्झे म्हणजे फ्लॉरेन्स आणि व्हेनेत्सिया म्हणजे व्हेनिस हे सर्वांना ठाऊक हवे. व्हेनिसची मेस्त्रे आणि सांता लुचिया ही दोन स्थानके वेगळी आहेत आणि बेटावरचे स्थानक सांता लुचिया हे आहे. फलकावर ठळकपणे गाडीचे अंतिम स्थानकच लिहिलेले असते. आपण फ्लॉरेन्सला निघालेले असतो आणि फलकावर नापोली दिसते, त्यामुळे नावापेक्षा गाडीचा क्रमांक पाहण्याची सवय लावावी. भिंतीवरील छापील वेळापत्रकांत पिवळा कागद सुटणाऱ्या गाड्यांचा आणि पांढरा येणाऱ्या गाड्यांचा असतो. बोलोन्याला बहुतेक वेगवान गाड्या जमिनीखालच्या फलाटांवर येतात आणि तेथून वर यायलाच बराच वेळ लागतो, म्हणून तेथे गाडी बदलायची असल्यास अर्धा तास हाताशी ठेवावा. याच स्थानकावर २ ऑगस्ट १९८० रोजी बॉम्बस्फोट होऊन ८५ माणसे मृत्युमुखी पडली. बाहेरच्या बाजूचे घड्याळ त्या क्षणाची १० वाजून २५ मिनिटे ही वेळ दाखवत आजही थांबवून ठेवले आहे. मुंबईच्या लोकलमधील बॉम्बस्फोटांची आठवण असलेल्या आम्हा सर्वांना तेथे थोडा वेळ उभे राहावेसे वाटले.

डोंगरावरील गावांचे स्थानक बहुधा खाली असते, हेही ध्यानात घ्यावे. ओर्व्हिएतोला स्थानकासमोरूनच दोरीने ओढला जाणारा रेल्वेचा डबा वर नेतो, असीसीला बसने वर जावे लागते, आणि सिएनाला रेल्वेपेक्षा फ्लॉरेन्सहून निघणारी बस शहराच्या अधिक जवळ सोडते. रेल्वेचा आग्रह धरणाऱ्या मलाही सिएनासाठी बसच सुचवावी लागेल.

संप हा तेथील वाहतुकीचा नित्याचा भाग आहे, पण तो अचानक होत नाही. संपांचे वेळापत्रक तेथील वाहतूक मंत्रालय आधी प्रसिद्ध करते. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या चालवणे बंधनकारक असते. त्या दिवशी लवकर निघून संध्याकाळी परतावे किंवा मुक्कामाचे शहरच पाहावे. सोमवारी फ्लॉरेन्समधील उफ्फीत्सी आणि अकादेमिया ही दोन्ही संग्रहालये बंद असतात, तेव्हा तो दिवस लुक्कासाठी ठेवावा. तेथील सुमारे चार किलोमीटर लांबीच्या तटावरून सपाट वाटेने सावलीत चालता येते. रविवारी मात्र लहान गावांच्या गाड्या कमी असतात.

शाकाहारी मंडळींसाठी एवढेच सांगते की, सोबत डबाभर थेपले नेण्याची आवश्यकता नाही, मात्र विचारून खावे. रिसोत्तो हा इटालियन भात पुष्कळदा मांसाच्या अर्कात शिजवलेला असतो आणि बोलोन्याच्या पुढच्या भागात मिळणारी पियादिना ही पोळी पारंपरिक पद्धतीने डुकराच्या चरबीत मळतात, तेलातलीही मिळते. टोमॅटो, लसूण आणि ओरेगानो एवढेच घातलेला मारिनारा पिझ्झा निर्धास्त खावा. पिसा-लुक्का भागात चण्याच्या पिठाची चेचिना मिळते, ती आपल्या बेसनाच्या धिरड्याच्या इतकी जवळची आहे की आमच्या गटातील ज्येष्ठांनी दुसरे काही मागवलेच नाही. रात्रीचे जेवण साडेसातच्या आधी क्वचितच मिळते, त्यामुळे मधुमेही व्यक्तींनी खाऊ जवळ ठेवावा.

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे इटलीसह युरोपातील अनेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसासाठी, प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी अर्ज करता येतो, आणि प्रौढांसाठी त्याचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. उन्हाळी सुट्ट्यांच्या आधी भेटीच्या वेळा मिळणे कठीण होते. एप्रिल-मे मध्ये जाऊ इच्छिणाऱ्या गटांनी दिवाळी होताच मुक्कामाची शहरे निश्चित करून कागदपत्रांना लागावे. त्या सुमारास आपल्या पुरवणीत वेगवान आणि प्रादेशिक गाड्यांच्या मार्गांचा एक स्वच्छ नकाशा मराठी नावांसह छापला, तर स्वतः आखणी करू पाहणाऱ्या अनेक वाचकांची मोठी सोय होईल. संपादकांनी याचा अवश्य विचार करावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
डोंबिवली (पूर्व)