गिरणगाव दाखवताना गावकीची खोली विसरू नका

मा. संपादक,

मुंबईच्या गिरणगावावर काही छापून आलं की फोटो ठरलेला, चिमणी नाहीतर भोंगा. ते दाखवाच, पण माणसं जिथे येऊन टेकली त्या गावकीच्या खोल्यांबद्दल (एका गावच्या माणसांची मिळून चाळीतली भाड्याची खोली) कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. १८५६ ला ताडदेवला पहिली कापड गिरणी चालू झाली आणि मग लालबाग, परळ, वरळीपर्यंत गिरण्याच गिरण्या, माणसं आली कोकणातून, साताऱ्याकडून, तेलंगणातले पद्मशाली आले, उत्तरेकडचे विणकर मदनपुऱ्यात राहिले, आणि बहुतेक सगळे गाववाल्याच्याच ओळखीने आले.

माझे बाबा संगमेश्वर तालुक्यातून आले ते थेट आमच्या गावकीच्या खोलीत. खोली एक आणि माणसं तीस-पस्तीस, मग झोपायचं पाळीवर, पहिल्या पाळीचा उठून गेला की रातपाळीवाला येऊन तिथेच वळकटी पसरणार. प्रत्येकाला भिंतीत एक खिळा आणि फळीवर ट्रंकेपुरती जागा, ट्रंकेवर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव आणि खाली वाडीचं नाव. जेवण खानावळीत, त्या चालवायच्या बायका, हिशोब पगाराच्या दिवशी (याच बायकांना घेऊन प्रेमाताई पुरव यांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, हेही आता किती जणांना माहीत आहे?). नवीन पोरगा आला की कोणीतरी ओळख काढून त्याला गिरणीत बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, चिकटवायचं. दर महिन्याला खोलीतच मीटिंग, वर्गणी. आमच्या गावातल्या शाळेचे पत्रे त्याच वर्गणीतून आलेत.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. बाबा गावी गेले, वर्षभर वर्गणी भरली नाही पण कोणी चकार शब्द काढला नाही, परत आले तेव्हा ट्रंक फळीवर होती तिथेच होती.

आता चाळीचं रिडेव्हलपमेंट आलंय. भाडेपावती एकाच्या नावाची, राहून गेलेली माणसं शेकडो, खोली पाडली की खिळे, फळ्या, वर्गणीच्या वह्या सगळं डेब्रिजमध्ये जाणार. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलमध्ये महापालिका टेक्सटाइल म्युझियम करतेय, तिथे साच्यांच्या (मागांच्या) बाजूला अशी एक खोली जशीच्या तशी उभी करा आणि जुने गाववाले आहेत तोवर त्यांच्याकडून वह्या मागून घ्या. बाबांची ट्रंक आमच्याकडे आहे, ती द्यायला आम्ही तयार आहोत.

– एक वाचक, लालबाग