वर्गात गप्प बसलेले मूल आणि औषधाची मात्रा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणे व अतिचंचलता या विकारासाठी) मेथिलफेनिडेट हे औषध घेणाऱ्या मुलाच्या वागण्यातील बदल शाळेला एक दिसतात, घराला दुसरेच दिसतात आणि डॉक्टरांपर्यंत बहुधा अर्धेच पोहोचतात, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. या औषधाच्या साध्या गोळीचा परिणाम तीन-चार तास टिकतो, दीर्घकाळ काम करणाऱ्या गोळीचा आठ ते बारा तास. त्यामुळे सकाळी वर्गात नीट लक्ष देणारे मूल, औषधाचा अंमल उतरू लागताच, घरी क्षुल्लक कारणावरून रडते, भावंडांच्या अंगावर धावून जाते. त्यात दुपारी भूक मंदावल्याने डबा तसाच परत आलेला असतो आणि उपाशीपोटी चिडचिड आणखी वाढते. घरची वडीलधारी मंडळी 'लाडावून ठेवलाय' असा निवाडा देऊन मोकळी होतात.

चिडचिड निदान दिसते तरी. माझ्या मते अधिक काळजी करावी अशी गोष्ट वेगळीच आहे. काही मुले औषधाने मलूल होतात, हसत नाहीत, खेळाच्या तासालाही एका जागी बसून राहतात. मात्रा जास्त होत असल्याची ती खूण असू शकते. परंतु साठ मुलांच्या वर्गात असे मूल कोणालाच खटकत नाही, उलट प्रगतिपुस्तकावर 'वर्तनात सुधारणा' असा शेरा मिळतो.

औषध योग्य मुलाला, योग्य मात्रेत दिल्यास निश्चित उपयोगी पडते आणि पालकांनी ते परस्पर बंद करू नये. मात्र वय जितके लहान, तितकी नजर अधिक हवी: शाळापूर्व वयातील मुलांवरील, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात सुमारे ११ टक्के मुलांचे औषध दुष्परिणामांमुळे थांबवावे लागले होते. ॲटोमॉक्सेटिन या दुसऱ्या औषधावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये मुलांमधील आत्महत्येच्या विचारांबाबत ठळक इशारा छापायला लावला, तर २००७ मध्ये एडीएचडीच्या सर्वच औषधांसोबत, क्वचित होणाऱ्या भासांसारख्या मानसिक दुष्परिणामांची माहिती देणारे पत्रक पालकांना देण्याचे निर्देश दिले. असे प्रसंग विरळ असतात. पण ते ओळखायचे कसे, हे आईवडिलांना आधी ठाऊक असायला हवे.

आपल्याकडे मेथिलफेनिडेट अनुसूची 'एक्स'मध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत आहे; त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत औषधविक्रेत्याला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. विक्रीबाबत हा काटेकोरपणा योग्यच आहे, परंतु तेवढाच आग्रह मुलाच्या वागण्याच्या नोंदीबाबतही धरावा. डॉक्टरांनी चिठ्ठीसोबत साध्या मराठीतील एक पानी माहिती द्यावी, आणि झोप, भूक, रडणे, मारामारी, खेळातला सहभाग यांची नोंद शाळा व घर यांनी एकाच वहीत ठेवावी. ही वही पहिल्या गोळीच्या निदान दोन आठवडे आधी सुरू झाली पाहिजे, कारण संध्याकाळचा आरडाओरडा औषध उतरल्यामुळे होतो आहे की तो पूर्वीपासूनच होता, हे त्याशिवाय डॉक्टरांनाही सांगता येणार नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शालेय समुपदेशक, सातारा