एका बाजूचा उपचार संपला, दुसऱ्या बाजूची काळजी कोण घेणार? जनुकीय चाचणी निधीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

आम्ही सातारा जिल्ह्यातल्या, स्तनाच्या कॅन्सरचे उपचार घेतलेल्या बायका. कराड, पाटण, खटाव, माण अशा तालुक्यांतून महिन्यातून एकदा एकत्र येतो. औषधं, मुंबईचा प्रवास, केस गेलेल्यांना विग अशी जमेल ती मदत आमचा गट आजवर करत आला, ती आपल्यासारख्यांच्याच जिवावर. या वेळी वेगळ्या कामासाठी हात पसरतो आहोत. ज्यांच्या घराण्यात हा आजार पिढ्यांमधून उतरतो आहे, अशा बायकांची जनुकीय चाचणी (आई-वडिलांकडून आलेला बिघाड शोधणारी रक्ताची तपासणी) आणि त्यानंतरच्या तपासण्या पैशावाचून अडू नयेत, यासाठी आम्ही निधी उभा करतो आहोत.

आमच्यातल्या एका अंगणवाडी सेविकेला पस्तिशीत डाव्या स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन, केमो, शेक (रेडिएशन), सगळं तिने नेटाने पार पाडलं. पाच वर्षं रिपोर्ट चांगले आले, घरच्यांनी देवीची ओटी भरली. पुढे काही वर्षांनी उजव्या बाजूला गाठ लागली. सगळ्यांना वाटलं, जुनाच आजार उलटला. पण तो उलटला नव्हता. हा नवा कॅन्सर होता, दुसऱ्या स्तनात स्वतंत्रपणे सुरू झालेला. तेव्हा कुठे घराण्याची चौकशी झाली आणि कळलं, की तिची आत्या ‘पोटात पाणी होऊन’ (हे अंडाशयाच्या कॅन्सरचं लक्षण असू शकतं) गेली होती आणि त्या आत्याच्या मुलीलाही चाळिशीच्या आत गाठ झाली होती. रक्त तपासलं, तर बीआरसीए१ या जनुकात बिघाड निघाला. पहिल्याच वेळी हे कळलं असतं तर दुसऱ्या बाजूवर डोळा ठेवता आला असता, असं ती बैठकीत नव्याने येणाऱ्या प्रत्येकीला सांगते. हे तिच्या संमतीनेच लिहितो आहोत.

बीआरसीए१ आणि बीआरसीए२ ही जनुकं प्रत्येक माणसात असतात, पुरुषातही. पेशीतल्या डीएनएचे दोन्ही धागे तुटले की ते नीट सांधायचं काम त्यांच्याकडे असतं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. त्यातली एक जन्मतःच बिघडलेली असेल तर सगळा भार दुसरीवर येतो. एखाद्या पेशीत ती दुसरीही निकामी झाली, की चुका साचत जातात आणि त्यातून कॅन्सर उभा राहू शकतो. हा बिघाड गाठीपुरता नसतो. तो दोन्ही स्तनांत असतो, अंडाशयात असतो, अंगातल्या सगळ्या पेशींत असतो. म्हणून एका बाजूची गाठ काढली, तिथे शेक दिला, तरी दुसऱ्या बाजूचा धोका संपत नाही.

तो धोका किती, हे २०१७ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासातून समजतं. असा बिघाड असलेल्या जवळपास दहा हजार बायकांची माहिती त्यात होती. पहिला कॅन्सर झाल्यापासून २० वर्षांत दुसऱ्या स्तनातही कॅन्सर होण्याचं प्रमाण बीआरसीए१ असलेल्यांत शंभरात सुमारे ४० आणि बीआरसीए२ असलेल्यांत सुमारे २६ निघालं. असा बिघाड नसलेल्या रुग्णांत दहा वर्षांत शंभरात साधारण चार-पाच जणींनाच दुसऱ्या बाजूला कॅन्सर होतो. पहिला आजार जितक्या लहान वयात, तितका दुसऱ्याचा धोका मोठा. आपल्याकडे तिशी-पस्तिशीत गाठ घेऊन येणाऱ्या मुली आम्ही बघतो, तेव्हा हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचते. हे आकडे मुख्यतः युरोपातल्या कुटुंबांचे आहेत, ते आपल्या प्रत्येकीला जसेच्या तसे लावू नयेत. पण आनुवंशिक बिघाड असेल तर दुसरी बाजू दुर्लक्षून चालत नाही, एवढं त्यातून स्पष्ट होतं.

कुणाला घाबरवायला हे लिहीत नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत असा वारसा पाच ते दहा जणींमध्येच असतो. बाकीच्यांना या चाचणीची गरज पडतेच असं नाही. पण ज्यांना गरज आहे त्यांना ओळखायचं कसं, हे गावपातळीवर कुणी सांगत नाही. पन्नाशीच्या आत कॅन्सर झाला असेल, दोन्ही बाजूंना झाला असेल, रिपोर्टवर ‘ट्रिपल निगेटिव्ह’ (हा स्तनाच्या कॅन्सरचा एक प्रकार) लिहिलेलं असेल, घरात कुणाला अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल किंवा एखाद्या पुरुषाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर डॉक्टरांना चाचणीबद्दल जरूर विचारा. आणि वडिलांच्या बाजूची माहितीही काढा. आपल्याकडे आई, मावशी, आजी यांच्याबद्दल विचारतात आणि आत्या राहून जाते. बिघाड वडिलांकडूनही तितकाच येतो, मुलाला आणि मुलीला सारखाच, दर अपत्यामागे निम्मी शक्यता.

अमेरिकेतल्या शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली बीआरसीए१ची जागा १७व्या गुणसूत्रावर दाखवून दिली, १९९४ साली ते जनुक प्रत्यक्ष हाती आलं, पुढच्याच वर्षी बीआरसीए२. अमेरिकेत या जनुकांवर एका कंपनीचं पेटंट होतं आणि चाचणी फार महाग होती. निसर्गात असलेल्या जनुकावर कुणाची मालकी असू शकत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितलं. आता आपल्याकडेही ही चाचणी होते. खासगी प्रयोगशाळेत काही हजारांपासून पंचवीस-तीस हजारांपर्यंत खर्च येतो. सरकारी योजनेतून ऑपरेशन आणि केमो झालेल्या, रोजावर जाणाऱ्या बाईला हा आकडा ऐकूनच ‘राहू द्या’ म्हणावं लागतं. इतकी वर्षं जगाला ठाऊक असलेली गोष्ट आमच्या माणदेशातल्या बाईपर्यंत पैशापायी पोचू नये, हे आम्हाला मान्य नाही.

आपला पैसा वाया जाणार नाही, हे आम्ही खात्रीने सांगतो. घरातल्या निरोगी मुलींची चाचणी आधी करायची नसते. ज्या बाईला कॅन्सर झाला तिची सविस्तर चाचणी आधी होते. तिच्यात नेमका बिघाड सापडला, की भावंडांमध्ये आणि सज्ञान मुलांमध्ये तेवढीच एक जागा तपासावी लागते आणि तो खर्च बराच कमी असतो. एका बाईच्या चाचणीतून अख्खं घराणं सावध होतं. ज्यांच्यात बिघाड नाही त्या मुलींच्या डोक्यावरचं ओझंही उतरतं.

बिघाड निघाला म्हणजे लगेच दुसरा स्तन काढायचा, असं अजिबात नाही. दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) करून नजर ठेवणं हा एक मार्ग. दुसरा स्तन आधीच काढला तर त्या बाजूच्या कॅन्सरचा धोका ९० टक्क्यांहून अधिक कमी होतो, हा दुसरा. काही जणींना टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्यांचा उपयोग होतो. अंडाशयाचा कॅन्सर लवकर हाती लागत नाही, म्हणून मुलंबाळं झाल्यावर, साधारण ३५ ते ४५ या वयात, अंडाशय आणि गर्भनलिका काढण्याचा सल्ला देतात. पहिल्या कॅन्सरची अवस्था काय, वय काय, बाईला स्वतःला काय हवं, हे सगळं बघून ठरवायचं असतं, आणि ठरवायचं तिनेच. कधी कधी रिपोर्टमध्ये बदल दिसतो, पण तो घातक की निरुपद्रवी हे सांगता येत नाही. अशा रिपोर्टच्या भरवशावर ऑपरेशन करून घेऊ नये. यासाठी जनुकीय समुपदेशक, म्हणजे रिपोर्टचा अर्थ समजावून सांगणारा जाणकार लागतो. तो तालुक्याला मिळत नाही. परळच्या टाटा रुग्णालयात किंवा त्यांच्याच खारघरच्या केंद्रात जावं लागतं. एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे, पण सोबतच्या माणसाचं भाडं, बुडालेली मजुरी आणि राहण्या-जेवणाचा खर्च आहेच. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कित्येकींना आधार देते, तिथेही जागा मिळेलच असं नसतं.

आणखी एक अडचण आहे, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. ‘रिपोर्ट खराब आला तर पोरीचं लग्न कसं जमायचं?’ या एका प्रश्नापायी चाचणी टाळणारी घरं आम्ही पाहिली आहेत. ही भीती खोटी नाही, तिला नावं ठेवून ती जाणारही नाही. म्हणून आमचा कडक नियम आहे: कुणाला मदत दिली, कुणाचा रिपोर्ट काय आला, हे गटाबाहेर जात नाही. देणगीदारांनाही नाव कळणार नाही. खर्चाचा हिशोब मात्र पै-पैचा दाखवू.

निधीतून तीन प्रकारचा खर्च होईल: चाचणी, बिघाड निघालेल्यांचा दरवर्षीचा एमआरआय आणि मुंबईचा प्रवास. चाचणीचे आणि एमआरआयचे पैसे थेट प्रयोगशाळेला किंवा रुग्णालयाला जातील. कुणाला मदत द्यायची हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून ठरेल, ओळखीपाळखीवरून नाही. एमआरआयचा खर्च दरवर्षी येणारा आहे, त्यामुळे एकरकमी मोठ्या देणगीइतकीच दरमहा येणारी लहान रक्कमही आम्हाला मोलाची आहे. शंभर रुपये महिना देणाऱ्या घरांची संख्या वाढली, तर पुढच्या वर्षीची तपासणी अडणार नाही असं एखादीला आजच सांगता येईल.

पैशाखेरीजही पुष्कळ हवं आहे. मुंबईत, विशेषतः परळ, दादर, पनवेल, खारघर भागात राहणाऱ्या सातारकरांनी एक-दोन रात्री एखाद्या मायलेकींना घरी ठेवून घेतलं तर फार मोठी मदत होईल. निवृत्त शिक्षक, परिचारिका, आशा ताई यांनी घरोघरच्या आजारांची तीन पिढ्यांची माहिती कागदावर उतरवायला हातभार लावावा. या कामाला संयम लागतो, कारण कोण कशाने गेलं हे घरात कुणी नीट सांगत नाही. तालुक्यातल्या डॉक्टरांना विनंती, की तरुण वयात गाठ झालेल्या बाईला उपचार संपवून घरी पाठवताना दुसऱ्या बाजूबद्दल चार शब्द सांगा. महिला मंडळांनी येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाणाचा खर्च या निधीला द्यावा आणि अर्धा तास आमच्यासाठी ठेवावा. आम्ही येऊन बोलू. विधवांनाही आग्रहाने बोलवा, त्यांच्याही घरात हा आजार आहे.

देणगी चेकने किंवा खात्यावर द्यावी. रोख रक्कम पावती घेतल्याशिवाय देऊ नये. गटातल्या कोणत्याही सदस्येकडे पावतीपुस्तक आहे. आमची बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी असते. ज्यांना चाचणीबद्दल विचारायचं आहे त्यांनी जुने रिपोर्ट घेऊन यावं, सोबत बहिणीला, वहिनीला, नाहीतर भावाला आणलं तरी चालेल.

आपल्या नम्र,
मदतगटातील सर्व भगिनी