रायफल घेण्याआधी तिचं काडतूस बघ

चि. बेटा, अनेक आशीर्वाद.

एल्कच्या, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाच्या, शिकारीसाठी तू जी जुनी रायफल घ्यायची म्हणते तिचे फोटो आणि तुझा मेसेज काल रात्री मिळाले. आधी तुझ्या आईने वाचलं, मग मोबाईल माझ्या हातात देऊन म्हणाली, घ्या, हे तुमच्या खात्यातलं आहे. सकाळी कपाशीत डवरणीला माणूस आला होता, मी धुऱ्यावर उभा होतो पण मन तिकडेच, म्हणून आता जेवण झाल्यावर बसून लिहून राहिलो. फोनवर सांगितलं की तू हो बाबा हो बाबा म्हणते आणि अर्धं तिथेच राहून जातं.

रायफल मलाही आवडली, खरं सांगतो. जुनी मॉझर ९८ ची ॲक्शन, म्हणजे नळीला मागून बंद करणारा बोल्ट आणि तो बसतो ते लोखंड, अक्रोडाचा दस्ता, त्याच्यावर हाताने कोरलेली ती बारीक जाळी, फोटो मोठा करकरून पाहिला. ज्याची होती त्याने जिवापाड जपलेली दिसते, आणि त्याच्या माघारी घरचे लोक विकून राहिले म्हणून स्वस्त आहे हेही समजलं. पण बेटा त्याच फोटोत नळीवर दोन ओळी दिसल्या. वर कारखान्याचा ठसा ३०-०६ असा, आणि त्याच्या खाली कोणीतरी हाताने खोदलेलं, ३० गिब्ज. त्या दोन ओळींनी माझी रात्रीची झोप गेली.

तू लिहिलं की बाबा हे जरा वेगळं ३०-०६ च आहे, थोडं जास्त जोराचं. तसं नाही आहे. ३०-०६ म्हणजे १९०६ सालचं अमेरिकन फौजेचं काडतूस, तुमच्या अमेरिकेतल्या आयडाहोत आजही कोणत्याही गावातल्या दुकानात मिळेल. गिब्ज हे वाइल्डकॅट आहे. वाइल्डकॅट म्हणजे ज्याचं माप कोणत्या संस्थेने ठरवून दिलेलं नाही आणि जे कारखान्यातून डबा भरून येत नाही, एखादा कारागीर चालू काडतुसाची केस, म्हणजे बारूद भरतात ती पितळी खोळ, घेतो, तिची मान, जिथे गोळी बसते, बारीक नाहीतर रुंद करतो, मानेखालचा उतरता खांदा पुढे-मागे करतो, आणि त्या मापाचं चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, नळीत कापून देतो. त्यात वाईट काही नाही, २२-२५० आणि २५-०६ ही काडतुसंसुद्धा आधी अशीच होती, रेमिंग्टनने पहिलं १९६५ मध्ये आणि दुसरं १९६९ मध्ये आपल्या यादीत घेतलं आणि मग ती दुकानात आली. रॉकी गिब्ज हा तुमच्याच आयडाहोचा, व्हायोला गावचा माणूस. त्याने ३०-०६ ची केस घेतली, तिचा साडेसतरा अंशांचा खांदा ३५ अंशांचा केला, तो खांदा पुढे ढकलला आणि मान एकदम आखूड ठेवली, पाव इंचाच्या आसपास. आत बारूद जास्त मावली. पण दुकानात त्याचा डबा मागितला तर मिळणार नाही, एकेक काडतूस तुलाच घडवावं लागेल.

आता माझी भीती काय आहे ते नीट वाच. त्या चेंबरमध्ये दुकानातलं साधं ३०-०६ काडतूस आरामात जातं, बोल्ट बंद होतो, घोडाही पडू शकतो. ॲकली इम्प्रूव्हड नावाची जी काडतुसं असतात त्यांच्यात केस जिथे टेकते ती जागा जवळपास तशीच ठेवतात, म्हणून तिथे मूळ काडतूस झाडलं तरी चालतं, केस फुगून नव्या आकाराची होते. गिब्जमध्ये टेकायची जागाच पुढे गेली. म्हणजे साधं काडतूस आत सैल राहतं, त्याच्या खांद्याला समोर काही टेकू नाही. झाडलं की दाबाने केसच्या भिंती चेंबरला घट्ट चिकटतात, बूड मात्र मोकळं असतं, ते मागे बोल्टपर्यंत रेटलं जातं, आणि बुडाच्या जरा वर पितळ ताणून पातळ होतं. जास्त ताणलं की तिथूनच तुटतं. ३०-०६ ला दर चौरस इंचावर ६०,००० पौंडांपर्यंत दाब मंजूर आहे, तेवढ्या दाबाचा गॅस फाटलेल्या जागेतून मागे येतो, आणि बोल्ट तुझ्या डोळ्यापासून चार बोटांवर असतो बेटा. तू म्हणशील मी थोडीच चुकीचं काडतूस टाकीन. तू नाही टाकणार. पण कॅम्पवर सोबतचा कोणी नळीवरचा ठसा वाचून आपल्या खिशातली पाच काडतुसं तुला देईल, थंडीने हात आखडलेले असतील, समोर एल्क उभा असेल, तेव्हा काय होतं ते कोणी सांगावं.

मी वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत ३१ वर्षं काढली हे तुला माहीत आहे, आतलं मी काही लिहीत नाही, पण पितळाचं शास्त्र जगात सगळीकडे एकच. सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. वाटीसारखा तुकडा घेऊन त्याला ओढत ओढत लांब करतात, प्रत्येक ओढीला पितळ कडक होतं म्हणून मधेमधे भट्टीत नरम करावं लागतं, आणि शेवटी बूड कडक आणि मान नरम अशी केस बाहेर पडते. फौजी काडतुसाच्या मानेवर जो निळसर-तपकिरी पट्टा दिसतो ना तो त्या शेवटच्या शेकाचा डाग आहे. गिब्जची केस करायची म्हणजे तयार केसची मान आधी रुंद करायची, मग पुन्हा थोडी बारीक करत आणायची, इतकीच की मधे एक खोटा खांदा उरेल आणि बोल्ट बंद करताना हाताला किंचित अडल्यासारखं वाटेल, मग पहिला बार काढून तिला चेंबरच्या आकाराची करायची. म्हणजे शिकारीला जायच्या आधीच मान दोनदा मोडून झाली. वेळेवर नरम केली नाही तर तडकणार.

तडकलेली मान मी पहिल्यांदा फॅक्टरीत नाही, आपल्या गावात पाहिली. देशमुखांच्या वाड्यात इंग्रजांच्या काळची एक रायफल होती, ३१८ बोअरची, माझे मोठे काका तिच्यावरच रानडुकरांच्या जागलीला जात. विलायतेतल्या किनॉक कंपनीने ते काडतूस बनवणं बंद केलं आणि उरली फक्त घरात होती तेवढी. काका ती फडक्यात गुंडाळून टिनाच्या डब्यात ठेवत आणि तो डबा गोठ्याला लागून असलेल्या कोनाड्यात. मी दहा-अकरा वर्षांचा असेन, एका आगोटीला त्यांनी डबा उघडला, माझ्या हातावर एक काडतूस ठेवलं आणि म्हणाले, "पाय बरं बाप्पा, तुह्ये डोये चांगले हायेत, हे डोक्याचा केस पडला का चीर पडली?" मानेवर उभी, केसाहून बारीक रेघ होती. नखाने चाचपली तर लागली. दुसऱ्यावरही तशीच. न झाडता, डब्यात ठेवल्या ठेवल्या तडकली होती. काकांनी एकही झाडलं नाही, सगळी तशीच परत बांधली. त्यामागचं कारण मला पंधरा वर्षांनी वरणगावला कळलं, इंग्रजांच्या फौजेलाही आपल्याकडे पावसाळ्यात हाच त्रास होता, घोड्यांच्या पागेजवळ ठेवलेली काडतुसं आपोआप चिरायची. मुतातून अमोनिया सुटतो, आणि ओढून ताणलेलं पितळ अमोनियाच्या वाफेत चिरतं. आपल्याकडे घोडे नव्हते, बैल होते.

त्या रायफलीचं पुढे काय झालं सांगू का. वीस-पंचवीस वर्षं वाड्याच्या भिंतीवर होती. दर वेळी लायसन रिन्यू करायचं, प्रत्येक इलेक्शनला ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची, तेल-पाणी करायचं, आणि मक्यात डुकरं पडली की डफडं आणि टिनाचे डबे वाजवायचे. रायफलीत काहीच खराबी नव्हती, नळी आतून आरशासारखी. तिला खायला घालायला काही नव्हतं. तुझ्या त्या फोटोतली रायफल पाहून मला पहिली तीच आठवली, काका तिच्यावर हात फिरवायचे तो हात आठवला.

आता जोराचं म्हणते तर त्याचाही हिशेब करू. केसमधली जागा जितके टक्के वाढते त्याच्या साधारण चौथा हिस्सा वेग वाढतो, दाब तेवढाच ठेवला तर. म्हणजे दहा टक्के जागा वाढली तर वेग वाढला अडीच टक्के. ३०-०६ मध्ये १८० ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला २,७०० फुटांच्या आसपास जाते, त्यात पडले साठ-सत्तर फूट. एल्कला तो फरक कळत नाही, आपल्या रोह्याहून, म्हणजे नीलगाईहून, दांडगं जनावर आहे ते, त्याला गोळी कुठे बसली तेवढंच कळतं. यापेक्षा खूप जास्त आकडे कोणी सांगत असेल, जुन्या कागदावर लिहिलेले असतील, तर तो वेग जागेतून नाही, दाबातून आला समज. घरगुती काडतुसाचा दाब त्या काळी मोजायचा कोणी, प्रायमर, म्हणजे बुडातली ठिणगीची टोपी, किती चपटा झाला आणि बोल्ट किती जड उघडला यावरून अंदाज करत.

तू शिकार करते याला माझी ना नाही. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि तो आला ते बरंच झालं, नाहीतर आपल्या ज्ञानगंगेच्या जंगलात आज काही उरलं नसतं. तिकडची रीत वेगळी आहे, टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना, काढून, कोर्स करून, एक जनावर आणि त्याचं मांस घरी, तुझी आई काहीही म्हणो मला त्यात गैर दिसत नाही. पण जखमी जनावर रानात निघून गेलं तर तू महिनाभर जेवणार नाही, लहानपणी रोही तारेत अडकला होता तेव्हाची तू मला माहीत आहे. म्हणून हातात असं काडतूस पाहिजे की ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येईल, आणि चुकून डबा घरी राहिला तरी रस्त्यातल्या दुकानात मिळेल. या ऑक्टोबरसाठी साधी ३०-०६ घे, नवीन घे, नाहीतर कोणा मित्राची मागून ने.

आणि ही रायफल मनात बसलीच असेल, तर पैसे द्यायच्या आधी त्या लोकांना विचार की त्यांच्या वडिलांची काडतूस भरायची डाय, म्हणजे केसला आकार द्यायचं हत्यार, कुठे आहे, किती बारूद भरायची ते लिहिलेली वही कुठे आहे आणि तयार केलेल्या केस किती आहेत. डाय आणि शंभरेक केस सोबत नसतील तर मी म्हणतो हात लावू नको. असतील तर गनस्मिथकडून चेंबरचा साचा काढून घे, त्यासाठी सेरोसेफ नावाचा धातू येतो, पाणी उकळायच्या आधीच वितळतो, चेंबरमध्ये ओततात आणि निवला की बाहेर काढून मोजतात. खोदलेल्या नावावर जाऊ नको, त्या माणसाने गिब्ज लिहून स्वतःच्या मनाने काही बदललंही असेल, साच्याचं माप खरं. दुसरा रस्ता मला जास्त पटतो, ॲक्शन आणि दस्ता ठेवायचा आणि नळी बदलून सरळ ३०-०६ ची लावायची, बूड दोन्हीचं एकच आहे म्हणून बोल्टला काही करावं लागत नाही. त्या लोकांना वाईट वाटेल असं वाटत असेल तर जुनी नळी त्यांना परत दे.

त्या केस असल्या तर झाडलेल्यांपैकी चार-पाच घे, दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कपड्यावर ठेव आणि फोटो पाठव, मानेचा वेगळा आणि बुडाचा वेगळा, एकदम जवळून. बुडाच्या जरा वर चकचकीत गोल पट्टा दिसतो का ते बघ. एक बारीक तार टोकाला वाकवून केसच्या आत घाल आणि भिंतीला टेकवत वर ओढ, कुठे खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर ती केस तिथून तुटणार आहे, बाजूला काढ. हे डोळ्यापेक्षा हाताला लवकर कळतं.

दिवाळीला येशील तेव्हा मला दाखवायला म्हणून एकही केस बॅगेत टाकून आणू नको, रिकामी असली तरी इथे विमानतळावर अडवतात. फोटोच पाठव. माझा फॅक्टरीतला भिंगाचा चष्मा अजून आहे, कालच शोधून ठेवला.

तुझा,
बाबा