तक्रार: मागवली रायफलची एक गोळी, पाठवली दुसरी

मॅनेजर साहेब, नमस्कार.

तुमच्या कस्टमर केअरला इंग्लिशमधे दोन मेल टाकून झाले, दोन्हीला सेम छापील उत्तर आलं की दारूगोळा एकदा विकला की परत घेत नाही, गैरसोयीबद्दल क्षमस्व. म्हणून आता सरळ मराठीत लिहितोय. तुमच्या काउंटरवर जो कोल्हापूरचा पोरगा आहे त्याला विचारलं, तो म्हणाला काका तुम्ही बिनधास्त लिहा, मी साहेबांना शब्दन् शब्द वाचून सांगतो. तर बाळा, वाचताना काही गाळू नको, आणि मी कुठं चिडलोय ते पण सांग.

मी मूळचा तासगावचा, द्राक्षवाला. अकरा वर्षं झाली इकडं न्यूझीलंडच्या सेंट्रल ओटागोत, बॅनकबर्नच्या बाजूला एका व्हिनयार्डवर कामाला आहे, आणि घरामागं आमचे स्वतःचे अडीच एकर, त्यात चेरी आणि जर्दाळूची दोन वर्षांची झाडं. सशांचं इथल्या माणसाला नव्यानं काय सांगायचं, १८३० च्या दशकात गोऱ्यांनी खायला आणि शिकारीला म्हणून आणले आणि त्यांनी पुढं सगळा मुलूख खाऊन काढला, १९९७ ला शेतकऱ्यांनी वैतागून परवानगी नसताना सशांचा व्हायरस चोरून आणून पसरवला, २०१८ ला तर सरकारनंच नवीन स्ट्रेन सोडला, तरी ससा आहे तिथंच आहे. थंडीत गवत संपलं की खोडाची साल सोलतात, गोल वळसा घालून साल गेली की ते झाड गेलंच म्हणून समजा. विष मी टाकत नाही, घरात कुत्रं आहे. म्हणून लायसन्स काढलं आणि मागच्या वर्षी तुमच्याकडूनच .२२ ची, म्हणजे पाव इंचापेक्षा बारीक गोळीची, बोल्ट रायफल घेतली.

घेताना मी तुमच्या सेल्समनला सगळं नीट सांगितलं होतं हे आधी लक्षात घ्या, कारण मुद्दा तिथंच आहे. म्हटलं, मला ससे मारायचेत पण हाल करून नाही. अंतर ३०-५० मीटर, त्याच्या पुढं मी मारणार नाही. शेजाऱ्याचं घर दोनशे मीटरवर, त्यांचं बाळ लहान आहे, आवाज कमी पाहिजे. जमीन सगळी शिस्ट खडकाची, टणक, गोळी उडून दुसरीकडं जाता कामा नये. त्यानं आधी .१७ एचएमआर दाखवली, ती अजून बारीक पण वेगवान गोळीची रायफल, चांगली चीज आहे, मी नाव ठेवत नाही, १७ ग्रेनची, म्हणजे साधारण एक ग्रॅमची, हलकी गोळी अडीच हजार फूट सेकंदाला, सरळ जाते आणि आदळली की फुटते, त्यामुळं उडायची भीती कमी. पण आवाज फटाक्यासारखा, सप्रेसर, म्हणजे नळीच्या तोंडाला आवाज दाबणारा डबा, लावला तरी ध्वनीपेक्षा वेगानं जाणाऱ्या गोळीचा हवेतला तडाका राहतोच, आणि काडतूस महाग. .२२ मॅग्नम, म्हणजे .२२ चंच जास्त ताकदीचं काडतूस, ते तर माझ्या अंतराला नुसताच भडिमार. म्हणून शेवटी साधी .२२ एलआर (लाँग रायफल), सोळा इंची नळी, पुढं सप्रेसर, आणि गोळी सबसॉनिक हॉलो पॉइंट, म्हणजे ध्वनीपेक्षा हळू जाणारी आणि नाकाला पोकळी असल्यानं आत गेली की फुलणारी, ४० ग्रेन, वेग साधारण १०४० फूट. हे तुमच्याच माणसानं सुचवलं आणि बरोबर सुचवलं, त्याला त्याचं क्रेडिट देतो.

मग पाच-सहा कंपन्यांचे एकेक बॉक्स घेऊन तीन रविवार घालवले. कारण .२२ चं असं आहे की प्रत्येक रायफलची आवड वेगळी, शेजाऱ्याच्या रायफलीत जी गोळी सुईत दोरा ओवल्यासारखी जाते तीच माझ्या नळीतनं अक्षता टाकल्यासारखी विखुरते, आणि हे कागदावर वाचून कळत नाही, टार्गेटवर मारूनच बघावं लागतं. .२२ चं काडतूस रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेवर ठोका बसून पेटणारं, ते घरी परत भरता पण येत नाही, कंपनी देईल ते घ्यायचं. शेवटी एक सापडली, ५० मीटरला पाच गोळ्या १८ मिलीमीटरमधे. सशाचा मेंदू म्हणजे दोन डॉलरच्या नाण्याएवढी जागा, पाचही गोळ्या त्या नाण्याच्या आत बसल्या तरच मी शेतात जाणार असं ठरवलं होतं. त्या गोळीवर स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, सेट केला आणि वर्षभर तीच वापरली, बहुतेक ससे जागच्या जागी, दुसरी गोळी क्वचितच लागली.

जूनमधे तीच गोळी वेबसाइटवरनं मागवली, पन्नासचे दहा बॉक्स. आले. त्याच कंपनीचे, त्याच हिरव्या रंगाचे, अक्षरांची ठेवण पण तीच. संध्याकाळी पाचला अंधारून येतं इथं जुलैत, वेळ नव्हता, बॉक्स फोडला, मॅगझिन भरलं आणि गेलो. इथं माझी पण चूक आहे, ती मी लपवत नाही, नवीन लॉट आला की आधी कागदावर मारून बघायला पाहिजे होता, एरवी मी बघतो, त्या दिवशी नाही बघितला.

पस्तीस-चाळीस मीटरवर ससा, अंगानं आडवा बसलेला, डोकं स्थिर. चाप दाबला आणि पहिलं म्हणजे आवाज, सप्रेसर असून असा तडाका की कुत्रं घरात भुंकायला लागलं. ससा पडला नाही. गोळी डोक्याच्या मागं मानेच्या वरच्या भागातनं आरपार गेली आणि पलीकडं खडकावरनं कुठंतरी उडाली, ती सूंऽऽ करत गेलेली मी कानानं ऐकली. आणि ससा ओरडला. साहेब, जखमी ससा ओरडतो तो आवाज तुम्ही ऐकलाय का माहीत नाही, तान्ह्या लेकरासारखा असतो. माझी पोरगी खिडकीत होती. तो बिळात गेला, मी टॉर्च घेऊन पाऊण तास उकरत बसलो, जमीन थंडीनं दगड झालेली, नाही सापडला. बिळात किती वेळ जिवंत होता देवाला माहीत.

आमच्या आज्जाकडं ठासणीची बंदूक होती, रानडुकरासाठी, लायसनची. तो म्हणायचा जनावर जागेवर पडणार असलं तरच चापावर बोट, नाहीतर हात जोड आणि घरी ये. त्या रात्री मी जेवलो नाही.

नंतर टॉर्चच्या उजेडात बॉक्स नीट वाचला. बारीक अक्षरात हाय व्हेलॉसिटी. वेग १२५० च्या वर. आणि गोळी हॉलो पॉइंट पण नाही, भरीव गोल नाकाची. बिलावर मात्र तुमच्या माणसानं पेननं लिहिलंय की स्टॉक नसल्यामुळं समतुल्य दिलं आहे. समतुल्य! अहो गहू संपले म्हणून ज्वारी दिली तर भाकरी तरी होते, इथं तुम्ही ओव्याच्या जागी मिरची दिलीय.

रविवारी बसून मोजलं म्हणून आकडे सांगतो. जुन्या बॉक्समधली आठ काडतुसं उरली होती, त्यातल्या पाचांचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा फैलाव, १९ मिलीमीटर. तुमच्या समतुल्यचे चार ग्रुप मारले, सगळ्यात चांगला ४४, सगळ्यात वाईट ६०, आणि सगळे ग्रुप ५० मीटरला तीन सेंटीमीटर वर. जास्त वेग म्हणजे गोळी वाटेत कमी खाली येते, हे फिजिक्स आहे, त्यात कंपनीचा दोष नाही, पण माझा स्कोप त्या वेगाला सेट नव्हता आणि ग्रुप एवढा फुटला तर सेट करून पण उपयोग काय.

भरीव गोळीचं म्हणाल तर ती टार्गेटला ठीक आहे, कागदाला दुखत नाही. सशात ती सुईसारखी आरपार जाते, आत फुलत नाही, ताकद सगळी पलीकडं घेऊन जाते आणि खडकावरनं उडते. .२२ ची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते म्हणून तर लायसन्सच्या वेळी सुरक्षेचे सात नियम घोकून घेतात, त्यातला पाचवाच आहे की गोळी जाणाराय तो सगळा पट्टा तपासा. मी हॉलो पॉइंट धरून पट्टा तपासला होता. आणि आवाजाचं तर थंडीत अजून वेगळंच असतं, हवा जेवढी गार तेवढा ध्वनीचा वेग कमी, वीस डिग्रीला सव्वाअकराशे फुटाच्या आसपास तर शून्याला १०८६, म्हणजे उन्हाळ्यात गप्प जाणारी स्टँडर्ड गोळी पण जुलैत कधी कधी फटकन वाजते. म्हणूनच मी मुद्दाम १०४० ची घेतो. तुमच्या माणसाला हे माहीत नसेल तर ठीक आहे, पण मग फोन करून विचारावं ना. माझा नंबर ऑर्डरवर आहे.

त्या तडाक्यानं बाकीचे ससे तीन दिवस दिवसाउजेडी बाहेर आले नाहीत, रात्री मात्र येऊन अकरा झाडं सोलून गेले. त्याचे पैसे मी मागत नाही, ससा काय तुमच्या पगारावर नाही.

अजून एक, छोटं आहे. रायफलीबरोबर जो स्कोप दिला होता तो सेंटरफायरचा, म्हणजे मोठ्या, लांब पल्ल्याच्या रायफलीचा, पॅरालॅक्स (डोळा हलला तरी ज्या अंतरावर क्रॉस निशाण्यावरनं हलत नाही ते) १०० यार्डाला फिक्स. रिमफायरचा ५० ला असतो. ३० मीटरवर डोळा जरा हलला की क्रॉस पण हलतो. मी गाल दस्त्यावर एकाच जागी टेकवायची सवय लावून घेतली म्हणून चाललं, नवीन माणसाचं काय होईल? तो स्कोप मी ठेवतो, पण सेटमधे विकायचं बंद करा.

आता मला काय पाहिजे ते. ४५० काडतुसं सीलबंद आहेत, नऊ बॉक्स, ते परत न्या, न्यायचा खर्च तुमचा, कारण धोकादायक माल म्हणून कुरिअरवाला वेगळा चार्ज लावतो आणि चूक माझी नाही. दहाही बॉक्सचे पैसे परत, फोडलेल्याचे सुद्धा. तुमचा परत घेत नाही हा नियम मी चुकून वेगळं मागवलं तर लागू होईल, इथं वर्णन एक आणि माल दुसरा आहे, १९९३ चा ग्राहक हमी कायदा त्याला काय म्हणतो ते तुमच्या वकिलाला विचारा, आणि कशासाठी पाहिजे ते दुकानदाराला आधी सांगितलेलं असलं तर माल त्या कामाला चालला पाहिजे हे पण त्यातच आहे. आणि वेबसाइटवर ऑर्डरच्या पानावर एक चौकोन टाका, बदली माल चालेल का, हो की नाही. कुणी नुसतं टार्गेटला मारत असेल तो हो म्हणेल. जो जनावरावर मारतो त्याला विचारल्याशिवाय एक ग्रेनचा पण फरक करू नका.

त्या सेल्समनला नोकरीवरनं काढा वगैरे मी म्हणत नाही, पहिल्या वेळी त्यानंच मला नीट समजावलं होतं. त्याला एका रविवारी माझ्याकडं पाठवा, दोन्ही गोळ्या कागदावर मारून दाखवतो, जेवायला पण घालतो.

बॉक्स रायफलीपासून वेगळ्या कपाटात कुलपात ठेवलेत. मी कामावरनं चारला येतो, त्यानंतर कुठल्याही दिवशी माणूस पाठवा, लायसन्सवाला पाठवा म्हणजे झालं. फाटकाशी हॉर्न द्या, कुत्रं बांधून ठेवतो.

तुमचा ग्राहक
(नाव आणि ऑर्डर नंबर बिलाच्या फोटोत आहे, फोटो सोबत जोडलाय, दोन्ही टार्गेटचे पण)